एकसष्टावे मूल

गोंदिया शहराची वस्ती जेथे विरळ होत जाते आणि धानाच्या बांध्या जेथे सुरू होतात, त्या अनिश्चित सीमेच्या पलीकडे थोडक्याच अंतरावर नागरा हे गाव आहे. प्राचीन शिवमंदिरामुळे आणि महाशिवरात्रीला तेथे लोटणाऱ्या गर्दीमुळे त्याचे नाव पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक आहे. परंतु प्रस्तुत लेखापुरते त्याचे महत्त्व मंदिराहून निराळ्या गोष्टीत आहे. हद्दीच्या आत राहणारे मूल नगर परिषदेच्या शाळेचे आणि हद्दीबाहेरचे मूल जिल्हा परिषदेच्या शाळेचे, अशी जी वाटणी आपल्या राज्यकारभाराने करून ठेवली आहे, ती नकाशावर कितीही स्वच्छ दिसली तरी अशा वेशीवरच्या गावात तिला फारसा अर्थ उरत नाही. कारण येथील बापाची मजुरी शहरात, आईचा बाजार शहरात, थोरल्या भावाचे कॉलेज शहरात, आणि सकाळी गल्लीच्या तोंडाशी येऊन भोंगा वाजविणारी पिवळी गाडी तीही शहरातलीच. सार्वजनिक शाळेचा प्रश्न महानगरात एका रूपाने दिसतो, सालेकसा-देवरीच्या अरण्यात दुसऱ्या रूपाने. या मधल्या पट्ट्यात मात्र ही दोन्ही रूपे एकमेकांत मिसळलेली आढळतात, म्हणून या प्रश्नाचा आढावा येथे उभे राहून घेणे मला अधिक सोयीचे वाटते.

या विषयावर बोलू लागले की इमारती, शौचालये, संगणक, गणवेश यांची यादी सुरू होते, आणि ती यादी खोटी नाही. पण या सर्वांच्या मुळाशी एकच लहानसा शब्द बसलेला आहे, तो म्हणजे पट. झाडीपट्टीत पट म्हटले की सामान्य माणसाला प्रथम शंकरपट आठवतो, बैलजोड्यांची ती धुरळा उडविणारी शर्यत. आणि शाळेच्या पटाची गोष्टही अलीकडे शर्यतीसारखीच झालेली आहे, फरक इतकाच की या शर्यतीत मागे पडलेल्या जोडीचा चारा प्रथम तोडण्यात येतो. शिक्षक किती, खोल्या किती, मुख्याध्यापकाचे पद राहणार की जाणार, किंबहुना शाळा राहणार की जाणार, हे सर्व हजेरीपटावरच्या आकड्याने ठरते. तो आकडा शाळेच्या प्रकृतीचे लक्षण आहे हे मान्य. परंतु लक्षणालाच रोग समजून रोग्याचे अन्न कमी करण्याची जी रीत रूढ झाली आहे, तिच्याविषयी या लेखात मला मुख्यतः सांगावयाचे आहे.

त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. मध्यप्रांत १८६१ साली अस्तित्वात आला आणि पुढच्याच वर्षी त्याचे शिक्षणखाते निघाले. त्या काळच्या भंडारा जिल्ह्यात जमिनीचा सारा मालगुजारामार्फत सरकारात जमा होई, आणि साऱ्यावर शाळेसाठी म्हणून निराळा सेस बसविलेला असे. अर्थात ज्या कुळाचा मुलगा शाळेचे तोंडही पाहत नसे त्याच्या धानातूनही शाळेचा वाटा निघत असे. पुढे १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात मांडले, तेव्हा खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारने आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी उचलावा अशी त्यांची सूचना होती. ते विधेयक नामंजूर झाले. त्याच सुमारास बडोद्याच्या सयाजीरावांनी आपल्या संस्थानात सक्ती अमलात आणून दाखविली होती, आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तोच मार्ग धरला; ब्रिटिश मुलखात मात्र १९२० च्या सुमाराचे कायदे झाले ते सक्ती करण्याची मुभा स्थानिक संस्थांना देणारे, आणि सक्तीसाठी लागणारा पैसा त्यांच्याकडे नव्हता. कर्तव्य खाली आणि खजिना वर ही विभागणी तेव्हापासूनची आहे.

मध्यप्रांतात या कोंडीवर एक विलक्षण तोड काढण्याचा प्रयत्न झाला. पंडित रविशंकर शुक्ल शिक्षणमंत्री असताना, १९३७-३८ च्या सुमारास, त्यांनी विद्यामंदिर योजना पुढे आणली. गावातील कोणी दात्याने शाळेला शेतजमीन द्यावी, त्या जमिनीच्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार व शाळेचा खर्च भागावा, आणि मुलांनी त्याच भूमीवर हाताने काम करीत शिकावे, अशी ती कल्पना. वर्ध्यास ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षणपरिषदेतून नई तालीम निघाली आणि या दोन प्रवाहांचे काही काळ सख्य जुळले. योजनेच्या नावावरूनच मुस्लिम लीगने मोठा वाद केला, महायुद्धाच्या आरंभी काँग्रेसची मंत्रिमंडळे गेली, आणि योजना मागे पडली. तिच्यात भाबडेपणा होता यात संशय नाही. जमीन देणारा मालगुजार, ती कसणारा मजूर आणि तिच्या पिकावर पोट भरणारा गुरुजी यांचे परस्परसंबंध जुनेच राहून केवळ शाळा तेवढी नवी होईल, ही अपेक्षा धानाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला पटणे कठीण. तथापि एक गोष्ट त्या योजनेने बरोबर ओळखली होती, ती ही की शाळेला स्वतःचे उत्पन्न नसेल तर शाळा कायम दुसऱ्याच्या मेहेरबानीवर जगेल.

स्वातंत्र्यानंतर शाळांचे धनी बदलत गेले. १९४८ च्या कायद्याने तहसीलवार जनपद सभा या स्थानिक संस्था आल्या. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या आणि जनपदांच्या शाळा त्यांच्या हाती आल्या. १९९९ साली महाराष्ट्रदिनी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा निराळा निघाला. या भागातील एखाद्या जुन्या शाळेचे दप्तर मिळाले तर त्यावर डिस्ट्रिक्ट कौन्सिल, जनपद सभा, भंडारा जिल्हा परिषद आणि गोंदिया जिल्हा परिषद असे चार शिक्के ओळीने आढळावेत. शिक्के बदलले, शाईही बदलली असेल. शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून, नेमणूक राज्याच्या धोरणाने, पाठ्यपुस्तक १९६७ पासून बालभारतीचे, आणि गळक्या कौलांचा जाब मात्र गावातल्या निवडून आलेल्या माणसाला, ही व्यवस्था कायम राहिली.

माध्यमिक शिक्षणाची वाट थोडी निराळी गेली. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कुले बहुतांशी खाजगी संस्थांनी काढली. पूर्व विदर्भात जिल्हा परिषदांची स्वतःची हायस्कुलेही आहेत, आणि गोंदिया नगर परिषदेचे मनोहर म्युनिसिपल हायस्कूल हे नगरपालिकेच्या महत्त्वाकांक्षेचे उदाहरण आहे. मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था स्थापन करून अनुदानित शाळा-महाविद्यालयांचे जाळे या जिल्ह्यांत पसरविले. विडी आणि भातगिरण्या यांवर उभ्या राहिलेल्या एका रेल्वे-जंक्शनाच्या शहराने एवढे केले, हे थोडे नव्हे. त्या पिढीची गावे शाळा मागत. मालगुजाराच्या वाड्याची पडवी, देवळाचा मंडप, मिळेल ती जागा घेऊन मास्तर बसे आणि पटाची चिंता कोणाला नसे, कारण मुले अधिक आणि जागा कमी.

पारडे फिरले ते गेल्या पंचवीस-तीस वर्षांत. त्याची कारणे अनेक सांगितली जातात आणि बहुतेकांत तथ्य आहे: कुटुंबे लहान झाली, इंग्रजीची ओढ वाढली, २००० साली शिक्षणसेवकाची अल्प मानधनाची योजना आल्याने तरुण शिक्षकाची पहिली उमेदीची वर्षे विवंचनेत गेली, नोकरभरती वर्षानुवर्षे थांबली, आणि २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने खाजगी शाळा काढण्याची वाट रुंद झाली. परंतु एका कारणाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते, आणि नागऱ्यासारख्या गावात ते डोळ्यांना ढळढळीत दिसते.

विदर्भात ज्याला आपण ‘कॉन्व्हेंट’ म्हणतो त्याचा ख्रिस्ती मठाशी काडीमात्र संबंध नसतो. दोन खोल्या, भिंतीवर रंगविलेला मिकी माउस, गळ्यात टाय आणि दाराशी व्हॅन एवढी सामग्री असली की ते कॉन्व्हेंट. ते मुलाला तिसऱ्या वर्षी घेते. जिल्हा परिषदेची शाळा त्याची वाट सहाव्या वर्षी पाहते. मधली तीन वर्षे सरकारने मुलाला वाऱ्यावर सोडले आहे असे नव्हे. १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजना आहे, गावोगाव अंगणवाडी आहे, तेथे आहार आहे, लसीकरण आहे, मायाळू सेविकाही पुष्कळदा असते. पण अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची आणि शाळा शिक्षणखात्याची. दोघींची दारे समोरासमोर असली तरी दप्तरे परकी. तीन वर्षांच्या मुलाला ‘ए फॉर ॲपल’ म्हणता येऊ लागले की शेजारणीच्या मुलाशी तुलना होते, आणि अंगणवाडीतून निघून ते मूल एकदा का पिवळ्या गाडीत बसले की सहाव्या वर्षी त्याला उतरवून पहिलीत आणणे म्हणजे घराच्या अब्रूला बट्टा लावणे असे आईबापांना वाटते. मग केंद्रप्रमुख आणि शिक्षक एप्रिल-मेच्या उन्हात पटनोंदणीसाठी दारोदार हिंडतात. शाळेने मूल पहिलीच्या तोंडाशी गमावले असे आपण म्हणतो. वस्तुतः ते तीन वर्षांपूर्वीच गेलेले असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. दोन खात्यांची दप्तरे ज्या दिवशी एका कपाटात येतील त्या दिवशी त्या टप्प्याला अर्थ येईल.

आता मूळ हिशेबाकडे वळू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वद मुलांसाठी तीन, असे प्रमाण घालून दिले आहे. हेतू स्तुत्य, शिक्षक कमी नसावेत म्हणून ती किमान मर्यादा आहे. परंतु दप्तरात शिरली की किमान मर्यादा कमाल होते, हा आपल्या अंमलबजावणीचा जुना स्वभाव. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, होते. साठ मुले आणि पाच वर्ग असतील तर दोन शिक्षक पाचही वर्ग एका वेळी सांभाळतात. त्यांतला एक निवडणुकीच्या याद्यांत किंवा माहितीच्या तक्त्यांत गुंतला की दुसऱ्याच्या हाती साठ मुले आणि पाच इयत्ता. हे दृश्य पाहून एखादा पालक दाखला काढून नेतो. पट एकोणसाठ होतो, पुढच्या वर्षी पंचावन्न. मोठ्या शाळेत असेच घडले की एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि समायोजनाच्या यादीत जातो. ज्या दुबळेपणाने मुले गेली तोच दुबळेपणा मुले गेल्यामुळे वाढवून देण्यात येतो. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष पुन्हा बदलले तेव्हा लहान पटाच्या शाळांचे पद जाईल म्हणून शिक्षकसंघटनांनी आवाज उठविला, तो अनाठायी नव्हता. त्यातच आधार क्रमांक जुळलेले मूल तेवढेच हिशेबात धरण्याचा नियम आला. कामाच्या शोधात हलणाऱ्या कुटुंबाच्या मुलाचे नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे असले, तर ते मूल बाकावर बसलेले असूनही पटावर नसते. बाकावर आहे आणि पटावर नाही! एखाद्या वेदान्त्याला भुरळ पडावी असा हा प्रकार.

दुसरीकडे सरकार स्वतःच मुले बाहेर पाठविण्याचा खर्च उचलते. खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखून त्यांचे शुल्क शासनाने भरावे अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या बंधनातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती दुरुस्ती रद्द ठरविली. न्यायालयाचा निर्णय मला योग्य वाटतो, कारण गरिबाच्या मुलाला श्रीमंताच्या मुलाशेजारी बसण्याचा जो अल्पसा हक्क मिळाला होता तो काढून घेऊन सार्वजनिक शाळेचा पट वाढविणे म्हणजे दुसऱ्याचे दार बंद करून आपले घर भरल्याचे समाधान मानणे होय. तथापि या वादात एक जुनी गोष्ट सर्वजण विसरले. कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, १९६६ मध्ये शेजारशाळेची कल्पना मांडली होती. वस्तीतली सर्व मुले, मालकाची आणि मजुराची, एकाच शाळेत जातील अशी. पंचवीस टक्क्यांची तरतूद ही त्या कल्पनेची उलटी सावली आहे: तेथे सर्वांनी एका शाळेत यावयाचे होते, येथे निवडक थोड्यांनी आपली शाळा सोडावयाची.

माध्यमाविषयी लिहिताना गोंदियाकडे पुण्या-मुंबईच्या चष्म्यातून पाहून चालत नाही. या परिसरात घरी पोवारी बोलणारे मूल आहे, हिंदी बोलणारे आहे, दक्षिण-पूर्वेस गोंडी आहे, बाजारात हिंदी आणि मराठी यांची सरमिसळ. मराठी माध्यमाबरोबर हिंदी माध्यमाच्या सार्वजनिक शाळाही आहेत. २०२५ च्या एप्रिल-जूनमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीविषयी शासनाचे निर्णय निघाले, बदलले आणि २९ जूनला मागे घेतले गेले. त्या गदारोळात इकडच्या लोकांना काय म्हणावयाचे होते हे कोणी विचारल्याचे फारसे ऐकिवात नाही. येथील पहिलीच्या मुलापुढचा प्रश्न तिसऱ्या भाषेचा नसून पहिल्या भाषेचा आहे. त्याला पुस्तकातली मराठी हीच नवी. त्याच्या घरच्या बोलीवरून पुस्तकाकडे जाणारा पूल शिक्षक स्वतः बांधतो, आणि बदलीत तो शिक्षक गेला की पूलही जातो. सेमी-इंग्रजीचे वर्ग जिल्हा परिषदांच्या शाळांनी सुरू केले ते पालकांना थांबविण्यासाठी, आणि काही ठिकाणी पालक थांबलेही; पण बोलीतून मराठी पक्की होण्याआधीच गणित इंग्रजीत सुरू झाले तर मुलाच्या हाती दोन अर्ध्या भाषा येतात.

इमारतींविषयी थोडक्यात पुरे: खोल्या पुष्कळ ठिकाणी आहेत, डागडुजीचा पैसा वेळेवर नसतो. खिचडीविषयी मात्र थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण हा भाताचा मुलूख आहे. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राच्या योजनेत हजेरीच्या बदल्यात मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ सालच्या आदेशानंतर शिजविलेले अन्न सुरू झाले. आज पाचवीपर्यंतच्या मुलामागे दिवसाला शंभर ग्रॅम आणि पुढच्या वर्गांत दीडशे ग्रॅम धान्य धरलेले आहे. रोवणीच्या दिवसांत, जेव्हा आई पहाटेच चिखलात उतरलेली असते आणि घरची चूल संध्याकाळपर्यंत पेटत नाही, तेव्हा दुपारची ही शाळेतली खिचडी काय मोलाची असते हे ज्याने पाहिले आहे तो तिच्या चवीवर विनोद करणार नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांहून उशिरा, जूनच्या शेवटास उघडतात, आणि त्यानंतर लगेच रोवणी येते. म्हणजे शाळेचा पहिला महिना आणि शेतीचा सर्वांत निकडीचा महिना एकच. लहान भावंडाला सांभाळणारी मुलगी त्या महिन्यात गैरहजर राहते. मुलींच्या हजेरीसाठी १९९२ पासून जो दिवसाला एक रुपयाचा भत्ता होता, त्याने तिची रोवणीतली गैरहजेरी कशी थांबावी?

उपाय म्हणून जे जे झाले त्यांत सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट म्हणजे शाळा बंद करणे. डिसेंबर २०१७ मध्ये दहाहून कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून मुले जवळच्या शाळांत पाठविण्याचा निर्णय जाहीर झाला. २०२३ मध्ये वीसपर्यंत पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळा’ पुढे आल्या; तेव्हा राज्यात अशा शाळा जवळजवळ पंधरा हजार निघाल्या, आणि नमुना म्हणून पानशेत व तोरणमाळ यांचे दाखले देण्यात आले. डोंगरात विखुरलेल्या पाड्यांसाठी निवासी वा मोठी शाळा काही ठिकाणी हितकारक ठरेलही. परंतु वाहनाने मुले ने-आण करून जर शाळा चांगली होणार असेल, तर पालकाने आपल्या पैशाने व्हॅनला मूल दिले तेव्हा त्याला दोष का द्यावयाचा, हे मला कळत नाही.

उलट बाजूचे दाखलेही आहेत. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी रांग लागली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. कोविडच्या काळात, फी देणे अशक्य झाले तेव्हा, ग्रामीण महाराष्ट्रात सरकारी शाळांतील मुलांचे प्रमाण वाढलेले ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत दिसले. म्हणजे लोकांनी सार्वजनिक शाळेकडे कायमची पाठ फिरविली आहे असे नाही. अडचणीत ते परत येतात. पण त्या वेळी आलेल्या मुलांना टिकविण्यासाठी आधीच एखादा शिक्षक जास्तीचा हवा होता, आणि आपल्या हिशेबात जास्तीचा शिक्षक म्हणजे अतिरिक्त शिक्षक. वाबळेवाडी आणि परितेवाडी यांची नावे महाराष्ट्राला पाठ आहेत. नियमाची नावे कोणी पाठ करीत नाही, अपवादांचीच करतात.

म्हणून माझी सूचना धाडसाची नाही, केवळ हिशेबाची आहे: शहरालगतच्या गावांत शिक्षकांची पदे चालू पटावर न ठरविता वस्तीतील तीन ते चौदा वर्षांच्या एकूण मुलांवर ठरवावीत, आणि निदान पाच वर्षे ती हलवू नयेत. गोंदियाच्या नगर परिषदेने आणि लगतच्या ग्रामपंचायतींनी ही गणती एकत्र करावी. मूल हद्दीच्या कोणत्या बाजूस झोपते याला महत्त्व देऊ नये. शिक्षक आधी आणि पट मागून, असा क्रम लागला तर काय होते हे आपण अजून कोठे प्रामाणिकपणे करून पाहिलेले नाही.

तोवर ३० सप्टेंबर दर वर्षी येत राहील. त्या सुमारास हलक्या धानाच्या लोंब्या भरत आलेल्या असतात, उन्हाला एक प्रकारची पिवळसर झाक येते, आणि वेशीवरच्या कुठल्याही शाळेचा मुख्याध्यापक रजिस्टर उघडून वरपासून खालपर्यंत नावे मोजतो. साठ भरतात. तो पुन्हा मोजतो, यावेळी खालून वर. मग खिडकीतून रस्त्याकडे पाहतो, कारण विटाभट्टीवरून आलेल्या एका कुटुंबातले मूल दोन दिवसांपासून फाटकाशी येऊन उभे राहते, आणि त्याच्या बापाने आधारचा कागद आणतो म्हणून सांगितलेले असते.